हंगामी प्रोफेसर

देवसिंग राठोड १९५८ साली कायद्याचे प्राध्यापक झाले, आणि दर एप्रिलला ते प्राध्यापक राहत नसत. यवतमाळच्या त्या संध्याकाळच्या कॉलेजची रीतच तशी होती. परीक्षा आटोपली की सरांना मोकळं करायचं आणि जुलैत पुन्हा बोलवायचं. मधल्या उन्हाळ्यात सर घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यावर जात आणि पुस्तक लिहीत.

पुस्तक होतं सरकी काढणाऱ्या जिनातल्या हंगामी मजुरांवर. कापूस संपला की जिन बंद होतं, बाया घरी जातात, दिवाळीनंतर परत येतात. मग मधल्या काळात त्या नोकरीत असतात की नसतात? सरांचं ठाम मत, असतात. या एका 'असतात'पायी त्यांनी सहा वर्षं घातली. जिनाच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी इतकं विचारलं की बाया त्यांना विम्याचा एजंट समजत. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण या दिव्याला तो कधी दिसलाच नाही.

१९६४च्या जूनमध्ये कॉलेजचे सेक्रेटरी बापूजी यांचा भाचा वकिली पास झाला, आणि तांड्यावरून नुकतेच यवतमाळच्या घरी परतलेल्या सरांना निरोप आला, यंदा येऊ नका.

"काढलं का तुमाले?" धुरपताबाईंनी नवऱ्याला विचारलं. एरवी घरात तांड्याची बोली चाले, पण राग आला की त्या वऱ्हाडीवर येत. शेजाऱ्यांनाही कळायला हवं ना.

"काढलं नाई. मी त एप्रिलातच मोकळा झालो. नोकरीच नाई, त काढतीन काय?"

"अन् त्या जिनातल्या बाया?"

"त्यायची गोष्ट अलग हाय. कायद्यानं मास्तर कामगारात येत नाई."

"कायदा नसन येत. पन तोंड त हाय ना? दुसऱ्यायसाठी एवढे बोलून राह्यले, सोतासाठी काहून नाई बोलत?"

सर टोपी घालून बापूजींकडे निघाले.

बापूजींसमोर सर पावसापाण्याचं बोलत बसले. चहा आला, तो गार झाला. शेवटी सर म्हणाले, "दरसाल तुम्ही बोलावता, दरसाल मी येतो. मग मधे मी नसतो कसा?" सहा वर्षांचं पुस्तक एवढ्यात आटोपलं.

बापूजी खरोखरच चकित झाले. "सर, तुम्ही कधी काही बोललाच नाहीत. आम्ही समजलो, तुम्हाला शेतीची ओढ आहे. या तुम्ही जुलैत. आणि पुढच्या एप्रिललाही राहा. भाच्याचं पाहू."

हे इतकं सोपं होतं, याचंच सरांना घरी जाताना वाईट वाटत राहिलं.

दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. 'मजूर गप्प राहिला म्हणून त्याने नोकरी सोडली, असं होत नाही,' हे त्यातलं सरांचं लाडकं वाक्य. त्यापुढे त्यांनी एक नवं घातलं होतं, 'तरी बोलावं.' त्याला तळटीपही होती. बाकीच्या तळटिपांत न्यायमूर्तींची नावं होती. इथे होतं, धुरपताबाई राठोड, यवतमाळ.