म्हाळात विकलेली जीप

जीप विकली आणि कराराच्या कागदावर तारीख घातली नाही. एवढाच मूर्खपणा. पण तो इतका मन लावून केला, की तेवढं मन लावून दुसरं काही केलं असतं तर आज मी कुठल्या कुठे असते.

जीप माझ्या नावावर होती. जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली. कातळावरच्या बागेतून आंब्याच्या पेट्या खाली आणायला घेतलेली, कारण त्या चढावर दुसरी गाडी टिकत नसे. पुढे ह्यांची पाठ धरायला लागली आणि शेजारच्या गावातल्या एका चिरेखाणवाल्यानं ती मागितली. त्याला ती खाणीवर फिरायला हवी होती.

तो आला तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. स्टँपपेपर त्यानंच टाइप करून आणलेला. त्यात एक ओळ होती: आज अमुक दिनांकाला, अमुक वाजता गाडीचा ताबा दिला, यापुढे अपघात, दंड, पोलीस केस झाल्यास जबाबदारी खरेदीदाराची. दिनांक आणि वेळेच्या जागा मोकळ्या. ह्यांनी पेन उघडलं आणि मी ह्यांचा हात धरला.

"अहो, म्हाळाच्या दिवसांत कोणी गाडी विकतं?"

"मग ह्यांना परत पाठवू?"

चिरेखाणवाला गालात हसला. "वहिनी बोलतायत ते बरोबर आहे. तारीख घटस्थापनेला घालू. तोवर मी आपली चालवून बघतो."

काय गुणाचा माणूस, असं मला वाटलं. सह्या झाल्या, पैसे घेतले (पैशाला पितरांची हरकत नसावी), किल्ली दिली. तारीख नाही म्हणजे विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणजे पितरांचा कोप नाही, असा त्या पंचावन्न वर्षांच्या शहाणीचा कायदा. वर शेजारणीकडे जाऊन सांगून आले की पुरुषांना ह्यातलं काही कळत नाही.

सासूबाईंचा म्हाळ नवमीला. त्या दिवशी मी मागच्या परड्यात पान ठेवून कावळ्याला हाका मारत होते. कावळा काही येईना. आली ती माणसं, आणि तीही पुढच्या बाजूनं. आधी खिडकीची काच फुटली, मग ह्यांचा आवाज आला. तसा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता.

झालं होतं ते असं. चिरेखाणवाल्याचं एका शेतकऱ्याशी वाटेवरून भांडण होतं. त्या सकाळी शेतकरी वाट अडवून मधोमध उभा राहिला. ह्यानं जीप त्याच्या अंगावर घातली, त्याला वाटेकडेच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दगडांवर चेपला, मागे घेतली, पुन्हा घातली. मग जीप तिथंच टाकून पळाला. गाडीचा नंबर शोधल्यावर नाव निघालं माझं. शेतकऱ्याचे भाऊ तडक आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात.

हे श्राद्धाला बसलेले. अंगावर सोवळ्याशिवाय काही नाही, बोटात दर्भाचं पवित्रक. तशा उघड्या माणसाला त्यांनी खळ्यात ओढून बांबूनं झोडपायला घेतलं होतं. पाठीवर वळ नाही, सरळ कातडी उलत होती. थोरला भाऊ मारताना रडत होता.

"गाडी कोन चालवत व्हता? तू की तुझा ड्रायवर?"

मी कपाटातून कागद काढून धावले. "गाडी आम्ही विकलीय. हे बघा, लिहिलंय."

धाकट्यानं कागद हिसकावून वाचला. "'आज दिनांक', नि पुढं काय नाय. कधी विकलीस गो?"

आणि मी, देवाशपथ सांगते, म्हणाले, "घटस्थापनेला."

"घटस्थापना अजून यायची हाय."

"हो, तेव्हाच विकणार आहे."

पुढचा बांबू ह्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मला ओटीच्या पायरीवर ऐकू आलं. मी मध्ये पडले, तर धाकट्यानं कागदाचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला. तेव्हा दात सगळे माझेच होते. मी त्याच्या बोटांसकट चावले आणि सोडलं नाही. शाई आणि रक्त एकदम तोंडात आलं. त्यानं माझं डोकं खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं, तेव्हा कुठे जबडा सुटला. वाडीतली माणसं कोयते घेऊन धावत आली म्हणून आम्ही उरलो.

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात ह्यांना प्लास्टर घातलं, माझ्या कपाळाला टाके पडले. तिथंच हवालदार आला.

"गाडी कधी दिलीत, बाई?"

"पंचमीला. चहाच्या वेळी."

"तसा कागद कुठे आहे?"

"कागद हिनं खाल्ला," हे म्हणाले.

हवालदार हसला नाही. "मग कागदोपत्री गाडी बाईंचीच, आणि चालवणारे तुम्ही, साहेब. तो शेतकरी दगावला, तर आधी तुम्हालाच आत घ्यावं लागेल."

तो माणूस वरच्या मजल्यावर होता. दोन दिवस तो जगतो की जातो, ह्यावर आमचं सगळं टांगलेलं. मी त्याच्यासाठी नवस बोलले, आणि तोही त्याच्यासाठी की आमच्यासाठी, हे देवानं विचारलं नाही ते बरं. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. पोलिसांनी विचारताच त्यानं सांगितलं, गाडी चिरेखाणवाल्यानंच घातली, मी त्याचं तोंड बघितलंय. त्याच्या त्या एका वाक्यानं हे सुटले. त्याच दुपारी डॉक्टरांनी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

मी जिना चढून वर गेले. त्याची बायको वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून खाली बसली होती, मांडीवर त्याची एकच चप्पल. माझ्या कपाळावरची पट्टी बघून तिनं मला ओळखलं. मी समोर उकिडवी बसले, हात जोडले आणि सांगायला लागले, की म्हाळाचे दिवस होते, म्हणून तारीख घालायची राहिली, माझ्या मनात तसं काही नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"माझ्या घोवाचा पाय आज कापला. ही तारीख लिवून घे. ही कोरी सोडू नको."