भिंतीवर पास, जाळीवर नापास

नक्कीमामांना हे नाव आईवडिलांनी दिलेलं नव्हतं. ते दिलं बाजारातल्या दुकानदारांनी. मामांनी तेहतीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली. पितळी वजनांची लाकडी पेटी हातात घेऊन ते दुकानात शिरायचे, काटा तपासायचे, शिक्का मारायचे आणि पायरी उतरता उतरता वळून विचारायचे, "नक्की ना?" ज्याचा काटा सरळ होता त्यालाही त्या दोन शब्दांनी दरदरून घाम फुटायचा.

लग्नही त्यांचं यापायीच राहिलं. मुलगी पसंत होती, मुलीलाही हे पसंत होते. पण मामांनी तिच्या वडिलांना "नक्की ना?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा वडिलांनाच शंका आली. जे घडतं ते देवाच्या मनात असतं म्हणतात, पण त्या दिवशी देवाला फारसं काही करावं लागलं नाही.

नोकरी संपल्यावर मामा थोरल्या बहिणीकडे राहायला आले. ताई म्हणजे शिवणशाळेतल्या क्रोशाच्या बाई. साखळी, खांब, जाळी, सगळं त्यांच्या बोटांच्या टोकावर. यजमान गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्याच होत्या. भावाच्या येण्याने त्यांना सोबत झाली आणि रागवायला हक्काचं माणूस मिळालं.

ताईंची एक विद्या मात्र ताईंपाशीच राहिली होती. क्रोशाचं फूल विणताना पाकळी मिटवायची एक गाठ त्या घालत. ती गाठ पडली की पाकळी आपोआप वर उचलली जाई, जणू आत्ताच उमललीय. चाळीस वर्षांत शेकडो मुलींना त्यांनी ती शिकवली, एकीलाही जमली नाही. सगळ्यांची पाकळी झोपलेलीच. "तुमची बोटं आहेत की लाटणी?" हे ताईंचं त्यावरचं ठरलेलं वाक्य.

आता ताईंचेच हात कापू लागले होते. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. सकाळी आंघोळ आणि प्रार्थना झाली की तासभर हात शांत असत, नंतर चहाचा कपही बशीत वाजे. तो तासही महिन्यागणिक आखडत चालला होता. एक अख्खं फूल विणायला चाळीस मिनिटं लागत आणि मध्ये थांबलं तर दोऱ्याचा ताण बदलून गाठ फसे.

"हात आहेत तोवर चित्रण करून ठेवू," मामा म्हणाले.

"कर की. तुझा तो कॅमेरा नुसता कपाटातून वर्षाला एकदा ऊन खायला निघतो."

पहिलं चित्रण पाहून दोघांचीही तोंडं उतरली. बोटं दिसत होती, सुई दिसत होती, पण दोरा म्हणून जे काही होतं ते पाण्यात कालवलेल्या पिठासारखं. कुठला पदर वरून गेला, कुठला खालून, काही कळेना.

मामांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. रोग सापडला. त्यांचा कॅमेरा दर सेकंदाला जेवढी माहिती कार्डावर लिहायचा ती फार थोडी होती. त्या मापाला बिटरेट म्हणतात. बारीक दोरा टिपायचा तर हा आकडा वाढवायला हवा आणि कंपनीने तर तो कुलूप लावून ठेवलेला. पण जगभरातल्या काही खटपट्या माणसांनी कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोग्रामच, म्हणजे फर्मवेअर, उघडून बदलला होता. तो आपल्या कॅमेऱ्यात घातला की आकडा हवा तेवढा चढवता येई. धोका एकच: घालताना काही चुकलं तर कॅमेऱ्याचा दगड होणार.

मामांनी त्या लोकांच्या फोरमवर विचारलं, "हे नक्की चालतं का?" उत्तर आलं, चालतं. मामांनी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं. पाचव्या वेळी कोणीतरी लिहिलं, "काका, आम्ही कॅमेरे बनवत नाही, बिघडवतो. हिंमत असेल तर घाला." मामांनी बॅटरी पूर्ण भरली, देवापुढे हात जोडले, बटण दाबलं आणि डोळे मिटले.

"झालं का?" ताईंनी विचारलं.

"बघवत नाही. तू बघ."

"दिवा लुकलुकतोय."

"कसा? घाईघाईत की सावकाश?"

"अरे, दिव्यासारखा!"

कॅमेरा जिवंत राहिला. आणि इथून पुढे मामांच्या डोक्यात आकडा शिरला. कंपनीने चोवीसवर बांधून ठेवलेला बिटरेट फोरमवर कोणी शंभरवर नेला होता, कोणी एकशेवीसवर. मामांनी एकशेपन्नास लावला. आता चाचणी. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही हा तर मामांचा धर्म. शिवाय तपासणी करताना समोरची वस्तू स्वच्छ, स्थिर, न बदलणारी हवी, हा नोकरीतला नियम. म्हणून त्यांनी तिवईवर कॅमेरा लावला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीचं पाऊण तास चित्रण केलं. एकदा, दोनदा, तीनदा. कॅमेरा एकदाही अडखळला नाही.

"पास!" मामा म्हणाले. "एकशेपन्नास! फोरमवर कोणाचा टिकत नाही, आपला टिकला."

"भिंत छान दिसतेय," ताई म्हणाल्या. "पोपडे कुठे निघालेत ते प्रथमच कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खिडकीपाशी बसल्या. हात शांत होते. मामांनी कॅमेरा त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आणला. पहिली साखळी झाली, मधलं कडं झालं, पहिली पाकळी चढू लागली आणि चौथ्या मिनिटाला कॅमेऱ्याने टुक् केलं आणि चित्रण थांबवलं. मामांनी धावपळ करून पुन्हा सुरू केला, पुन्हा चार मिनिटांत टुक्. तिसऱ्या टुक्ला मामांचा कोपर तिवईला लागला, तिवई ताईंच्या मांडीवर कलली, आणि फुलातून सुई निसटली. सगळी पाकळी सर्रकन उसवून दोऱ्याची वेटोळी झाली.

  ताईंनी दोरा गुंडाळला, सुई डब्यात ठेवली, आणि झाकण लावताना डबा खडखडला, कारण हात कापायला लागले होते.

मामा दुपारभर कॅमेऱ्याशी वाद घालत बसले. "तीनदा तपासलाय! पाऊण तास! नक्की पास होता!"

ताई पडल्या पडल्या म्हणाल्या, "नक्कोबा, एक विचारू? दुकानातला काटा तू कसा तपासायचास?"

"पारड्यात पूर्ण भाराची वजनं टाकून."

"रिकामा नाही?"

"रिकामा काटा कोणाचाही बरोबर असतो, ताई. भार पडला की…" मामा थांबले. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"बोल, बोल," ताई म्हणाल्या. "भिंतीचा भार किती होता?"

तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाने स्वतःचा काटा रिकामा तपासला होता. कोऱ्या भिंतीत लिहिण्यासारखं असतंच काय? आकडा एकशेपन्नासचा असला तरी कॅमेरा दोन ओळी खरडून स्वस्थ बसला होता. ताईंच्या जाळीत मात्र प्रत्येक दोरा, प्रत्येक भोक, प्रत्येक सावली लिहायची. तिथे कार्डाची दमछाक झाली. बारीक नरसाळ्यात बादलीभर पाणी ओतलं तर दोष पाण्याचा की ओतणाऱ्याचा?

आता पूर्ण भाराची वस्तू शोधायची होती. फोरमवाले म्हणाले, वाऱ्यात हलणारं झाड घ्या, पानापानाने कॅमेऱ्याचा घाम निघतो. झाड होतं, नेमकं समोरच्या इमारतीतल्या एका घराच्या खिडकीपुढे. मामांनी दोन दिवस गच्चीवरून कॅमेरा रोखला. तिसऱ्या दिवशी त्या घरातले गृहस्थ दारात. हे पूर्वी फुटबॉलचे पंच होते आणि अजूनही बोलताना हात वर करीत.

"तुमचा कॅमेरा आमच्या खिडकीवर का?"

"खिडकीवर नाही हो, झाडावर. वाऱ्याची वाट बघतोय."

"दोन दिवस?"

"वारा पडलाय ना."

"माझी बायको दोन दिवस पडदे लावून अंधारात बसलीय. तिला काय सांगू? वारा पडलाय म्हणून?"

ताईंनी त्यांना आत बसवलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. "झाडामागे कशाला लागतोस? हे घे."

पेटीत चाळीस वर्षांतल्या विद्यार्थिनींचे नमुने होते. फसलेले. नवीन मुलींना कसं करू नये ते दाखवायला ताईंनी जपून ठेवलेले. सगळ्यात वर एक रुमाल होता, जाळीत जाळी अडकलेला, कुठे मोठं भोक, कुठे भोकाचा पत्ताच नाही.

"हा गुंतवळीचा," ताई म्हणाल्या. गुंतवळ हे त्यांच्या सगळ्यात धांदरट विद्यार्थिनीला त्यांनीच दिलेलं नाव. "पोरगी मेहनती होती, पण पाकळीच्या गाठीपाशी वर्षभर रडली. शेवटी शाळा सोडली. या रुमालावर जो कॅमेरा टिकेल तो माझ्यावर टिकेल."

मामांनी दोरीवर पंचवीस नमुने टांगले, मध्ये गुंतवळीचा रुमाल, आणि समोर टेबलपंखा सोडला. खोलीभर जाळ्या फडफडू लागल्या. एकशेपन्नास लगेच आडवा झाला. एकशेवीस पाच मिनिटांत. शंभर मात्र पाऊण तास चालला. दुसऱ्यांदाही चालला. तिसऱ्यांदाही.

"शंभर! तीनदा!" मामांनी टाळी वाजवली. "उद्या सकाळी बस तू."

"पंचाहत्तर कर."

"अगं, शंभर नक्की टिकतोय!"

"नाकापेक्षा मोती जड कशाला? दोरा किती ओढला की तुटतो ते बघायचं असतं, पण विणायचं त्याच्या दोन बोटं अलीकडे. पहिल्याच दिवशी मी मुलींना हेच सांगायचे. तुझा शंभर तुटायच्या काठावर उभा आहे."

"पण पंचाहत्तर म्हणजे… फोरमवर कोणाला सांगायचीही लाज."

"हात माझे आहेत की फोरमचे?"

मामांनी बहिणीची खोड मोडायला चौथी चाचणी लावली, शंभरवर. अडतिसाव्या मिनिटाला टुक्. म्हणजे चाळिसातली शेवटची दोन मिनिटं गेली असती, शेवटची पाकळी.  मामांनी पंचाहत्तर लावला आणि पाच वेळा तपासला. पाचही वेळा पाऊण तास, न अडखळता.

मधल्या आठ दिवसांत ताईंचा शांत तास पन्नास मिनिटांवर आला होता. त्या सकाळी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. मामांनी घड्याळाकडे बघून खाकरायचं मनात आणलं आणि देवाच्या आणि बहिणीच्या मध्ये पडण्याची हिंमत न होऊन खाकरणं गिळलं. ताई बसल्या. सुई चालू लागली. चौथं मिनिट गेलं. बारावं गेलं. मामा खोलीच्या कोपऱ्यात श्वास कोंडून, दोन्ही हात मागे बांधून उभे, कोपराचा भरवसा नव्हता. एकोणतिसाव्या मिनिटाला ताईंचा अंगठा एकदा थरथरला. त्यांनी सुई थांबवली नाही, फक्त ओठ हलले, देवाचं नाव घेतलं असावं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी दोरा तोडला.

"थांबला?" मामांनी तोंडातल्या तोंडात विचारलं.

"मी थांबले. तुझं यंत्र चालूच आहे, बंद कर."

दुपारी दोघं पडद्यासमोर बसले. काय ते चित्र! दोऱ्याचे पदर मोजून घ्यावेत. ताईंनी आधी स्वतःच्या नखांना नावं ठेवली, मग सुरकुत्यांना, मग एकदम म्हणाल्या, "मागे घे. अजून मागे. सावकाश लाव."

पाकळी मिटत होती. सुई दोऱ्यातून गेली, वळसा झाला, आणि गाठ आवळायच्या आधी ताईंच्या करंगळीने मागचा दोरा हळूच उचलून पुढे ढकलला. क्षणभरच. पुढच्या पाकळीलाही तेच. सहाही पाकळ्यांना.

"ही करंगळी काय करतेय?" ताईंनी विचारलं.

"तुझीच आहे, तुला माहीत."

"मला माहीत नाही रे! मी हे कोणाला शिकवलंच नाही. मी करते हेच मला…" ताईंनी स्वतःची करंगळी डोळ्यांसमोर धरली. "म्हणून कोणाची पाकळी उठली नाही. चाळीस वर्षं मी पोरींना लाटणी म्हटलं."

मामांना "नक्की?" विचारायचा मोह झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो आवरला.

ताईंनी जुनी वही काढली, एक नंबर शोधला, आणि कापत्या बोटांनी दोनदा चुकवून तिसऱ्यांदा लावला. "गुंतवळ का? मी बाई बोलतेय. क्रोशाच्या."

पलीकडे नातवंडांचा गलका एकदम शांत झाला. "बाई! मी काही केलं नाही!"

"तू नाही केलंस, कारण मी सांगितलं नाही. माझं चुकलं. सुई आहे का अजून? घेऊन ये."

चार दिवसांनी साठीला टेकलेली गुंतवळ आली आणि दारातच थबकली. "बाई, हा माझा रुमाल इथे पंख्यापुढे का लटकतोय?"

"त्याच्यावर मोठमोठे आकडे नापास झालेत," मामा आदराने म्हणाले. "बसा."

गुंतवळीने पडद्यावर ती करंगळी पाच वेळा पाहिली. मग सुई धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. पहिली पाकळी झोपली. दुसरीला करंगळी विसरली. तिसरीला तिने श्वास रोखून मागचा दोरा पुढे ढकलला, गाठ आवळली, आणि पाकळी उठून बसली.

ताईंनी फूल हातात घेतलं. हात हलत होते, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवलं, उलटं करून मागची बाजू पाहिली. मागची बाजू बघितल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला पास केलं नव्हतं. गुंतवळ शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून उभी.

"दोरा जरा सैल आहे," ताई म्हणाल्या आणि फूल तिच्या हातात परत दिलं. "चौथी घे."