आठ कोनांचं पातं

घूंऽऽऽ. पितळेच्या तांब्यात भुंगा अडकला तर यावा तसा आवाज.

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा असेन. हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूमबाहेर बाकावर बसलो होतो. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा. आतून तो आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. माझ्या शेजारी एक धिप्पाड हमाल बसला होता. तिसऱ्यांदा आवाज आला तसा तो उठला आणि प्लास्टरसकट घरी गेला.

माझा नंबर आला. आत प्लास्टर कापणारा माणूस होता, नंजप्पा. माझं तोंड बघून त्याला हसू आलं. त्याने चालू मशीनचं पातं स्वतःच्या तळहातावर टेकवलं. रक्त नाही, ओरखडाही नाही.

"हे फिरत नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "नुसतं थरथरतं. कडक असेल ते कापतं. मऊ असेल ते त्याच्याबरोबर हलतं, म्हणून वाचतं."

त्या वाक्यावर पुढे माझं पोट भरेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मीही त्या हमालामागे गेलो असतो.

*

मी निपाणीकडचा. चौथीपर्यंत शिकलो. बेंगळुरात आलो आणि शिवाजीनगरात रहीमसाबांच्या दुकानात चिकटलो तो म्हातारा होईपर्यंत. जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. नव्वदनंतर परदेशातून एक नवीन प्रकार यायला लागला. हातात धरायचं छोटं मशीन, पुढे पातं, आणि ते पातं जागच्या जागी थरथरायचं. दाराचा खालचा काठ कापा, फरशीची सांध खरवडा, सगळं करायचं. मी रहीमसाबांना म्हटलं, हे तर नंजप्पाचं प्लास्टरचं मशीन. तेव्हापासून दुकानात त्याचं नाव 'थरथरी' पडलं.

थरथरीची गोम एकच. पातं ज्याच्यावर बसतं ते डोकं प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुणाचं गोल, त्यावर चार खुंट्या. कुणाचं सहा कोनांचं. कुणाचं चांदणीसारखं. एकाचं पातं दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून रहीमसाबांनी नियम केला होता: आधी कागद, मग पातं. गिऱ्हाइकाने मशीनच्या डोक्यावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, छाप उठला की तो घेऊन यायचं. छापावर पातं ठेवून बघू, बसलं तर देऊ. मशीन विकतानाही तेच. ज्याच्या छापाची पाती बाजारात मिळत नाहीत, ते मशीन कितीही चकचकीत असो, आम्ही गिऱ्हाइकाला घेऊ देत नसू.

ते सगळे कागद आम्ही एका तारेत ओवून ठेवायचो. गोष्टीही तशाच साठल्या. एक ओढली की खालच्या दहा हलतात.

*

होसकोटेच्या एका कारखान्यातल्या फिटरला आम्ही छाप आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आला. डब्यात नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा! कागद सापडला नाही म्हणून त्याने जेवणातला उंडाच मशीनच्या डोक्यावर दाबला होता. छाप सुरेख उठला होता. मी त्यावरून पातं काढून दिलं. ते बसलं नाही. मुद्दा वाटेत वाळून आक्रसला होता.

"मशीन बड़ा नहीं हुआ," रहीमसाब त्याला म्हणाले, "तेरा खाना छोटा हुआ."

फिटर हसत गेला, उंडा आमच्याकडेच राहिला. सकाळी दुकान उघडलं तर त्यावर मुंग्या. सगळ्या उंड्यावर काळा थर, पण छापाच्या खड्ड्यात एकही मुंगी नाही. काठापर्यंत यायच्या आणि वळायच्या. बराच वेळ आम्ही दोघं बघत उभे होतो. मग रहीमसाबांनी तो उंडा कागदात गुंडाळून लांब नेऊन टाकला. एरवी कचरा टाकायला ते कधी उठत नसत.

*

आणि एका गुरुवारी रेक्झिनची पिशवी घेऊन नंजप्पा आला.

मी ओळखलं, त्याने मला नाही. हजारो हात त्याने मोकळे केले, माझा एक कुठे लक्षात राहणार. रिटायर झाला होता. हॉस्पिटलने जुनं मशीन भंगारात काढलं तेव्हा त्याने ते मागून घेतलं होतं. मशीन चालत होतं, पातं नव्हतं. मी कागद ठेवून पेन्सिल घासली. छाप उठला आठ कोनांचा.

तसा छाप आमच्या तारेत एकही नव्हता.

"अण्णा, आता कुणाचं प्लास्टर कापायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"एकच राहिलंय," तो म्हणाला.

मग चहा घेता घेता त्याने सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. डावा पाय मोडलेला. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर त्यानेच घातलं. मशीनच्या आवाजाला ती फार भ्यायली होती. तो लहान मुलांच्या प्लास्टरवर निळ्या पेन्सिलीने मासा काढायचा, कारण त्याला दुसरं काही काढता येत नव्हतं. तिच्या पायावरही काढला. सहा आठवड्यांनी ये म्हणाला. तिने वचन मागितलं, की तूच कापायचं, दुसऱ्या कुणी नाही. त्याने दिलं.

ती आली त्या दिवशी तो कोलारला भावाच्या लग्नात होता. रजा टाकताना तारीख त्याच्या ध्यानात आली नव्हती. परत आल्यावर जोडीदाराने सांगितलं, एक पोर आली होती, तुझं नाव घेत होती, मला हात लावू दिला नाही, आईला ओढत घेऊन गेली. ती पुन्हा आली नाही. रजिस्टरातला पत्ता घेऊन हा गेला, तर घराला कुलूप.

"दुसरीकडे कुठंतरी काढलं असेल की," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात," नंजप्पा म्हणाला. "सरी, असेलही तसं. पण मी कापलेलं नाही."

मशीन घरी ठेवायला त्याची बायको तयार नव्हती. त्याने ते आमच्याकडे ठेवलं. हॉस्पिटलात जाऊन नव्या माणसाला सांगून आला, माझी कुणी चौकशी केली तर रहीमसाबांच्या दुकानात पाठव, मी गुरुवारी तिथे असतो.

*

मी एक चूक केली, तीही सांगतो.

आठ कोनांचं पातं मिळेना. नंजप्पा दर गुरुवारी यायचा, स्टुलावर बसायचा, काही मागायचा नाही. ते मला बघवेना. एक गोल भोकाचं पातं घेतलं आणि दोन दिवस कानशीने घासून त्याला आठ कोन पाडले. कागदावर ठेवलं, बरोबर बसलं. पण शेवटच्या कोनाला हात केसभर जास्त गेला होता.

नंजप्पाने मशीन चालू केलं. घूंऽऽऽ. तोच आवाज. मशीन थरथरत होतं, त्याचे हात थरथरत होते, टेबलावरचे खिळे नाचत होते. पातं मात्र जागेवर स्थिर! फिरणाऱ्या मशीनला सैल पातं कळतं, ते आवाज करतं, उडतं. थरथरीत ते नुसतं उभं राहतं. डोकं आतल्या आत हलतं आणि पात्याला खबरच नसते.

"झोपलंय," नंजप्पा म्हणाला. मशीन बंद करून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू प्लास्टर माझ्याच अंगावर होतं.

*

त्यानंतरच्या शुक्रवारी रहीमसाब नमाजला गेले, मी दुकानाला कुलूप लावून जेवायला गेलो. परत आलो तर शेजारचा पानवाला विचारतो, आज जेवायचीही सुट्टी नाही का, आत काय कापत होता?

मी म्हटलं आत कुणी नव्हतं.

"घूं घूं चाललं होतं की," तो म्हणाला. "मध्ये स्वल्प थांबायचं, परत सुरू."

कुलूप उघडलं. नंजप्पाचं मशीन फळीवर होतं, वायर त्याच्याभोवतीच गुंडाळलेली. रहीमसाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भुंगा होगा. मग दुपारभर त्यांनी आपली खुर्ची त्या फळीपासून सरकवत सरकवत पार फुटपाथवर नेली.

*

पुढे अमेय आला. पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, बसवनगुडीत भाड्याने राहायचा. कंपनीने सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं, तिथून हौसेने थरथरी घेऊन आला. पाती मात्र दुसऱ्या दुकानातून घेतलेली.

"काका, बॉक्सवर युनिव्हर्सल लिहिलंय हो," तो म्हणाला. "एकही फिट होत नाही. बाथरूमचं दार अर्धं कापून ठेवलंय, बायको बोलत नाहीये."

"बायको फिट होईल," मी म्हटलं. "आधी कागद घासा."

छाप निघाला सहा कोनांचा. पाती होती चार खुंट्यांची. मी त्याला आमच्यातली दोन पाती दिली आणि म्हटलं, तुमची इथे ठेवा, कुणाला तरी बसतील. त्याने पाकीट टेबलावर उपडं केलं. सात पाती पडली.

"सात?" अमेयने पाकीट उलटसुलट केलं. "सिक्स पीसेस लिहिलंय."

सहा नवीकोरी होती. सातवं अर्ध्या चंद्रासारखं, दात बारीक, थोडं काळवंडलेलं. मी तारेतला नंजप्पाचा कागद काढला आणि ते पातं छापावर ठेवलं.

आठही कोन बसले.

"हे माझं नाही, काका," अमेय हळूच म्हणाला. दोन पाती खिशात घालून तो गेला. पातं परत मागायला कधी आला नाही, आणि त्या बाजूच्या फुटपाथनेही कधी दिसला नाही.

*

पातं बसवलं त्या गुरुवारी नंजप्पाने ते तळहातावर टेकवून पाहिलं. मग मशीन मांडीवर घेऊन बसला. पुढच्या गुरुवारीही तसाच. पातं शोधायचं काम संपल्यावर तो खचेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तो दाढी करून यायला लागला.

पाचव्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानासमोर रिक्षा थांबली. तिशीतली एक बाई उतरली. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. चौकट धरून, आडवी होऊन, तो पाय काठीसारखा मागे ओढत ती वर आली.

आम्हा दोघांकडे तिने पाहिलंच नाही. नंजप्पाला म्हणाली,

"आज रजेवर नाही ना?"

नंजप्पा उभा राहिला.

तिने कापड सोडलं. आत लहान मुलीच्या पायाचं प्लास्टर होतं, मांडीपासून बोटांपर्यंत. पिवळं पडलेलं. पोटरीवर निळा मासा. आत पाय नव्हता. वरून कापूस दिसत होता.

रहीमसाबांनी ते उचललं, चारी बाजूंनी फिरवलं. कुठे चीर नाही, सांधा नाही, जोड नाही. मांडीला रुंद, घोट्याला अरुंद, पुढे पाऊल काटकोनात वळलेलं. माझा स्वतःचा हात अशा प्लास्टरात राहिलेला आहे. ते कापल्याशिवाय निघत नाही.

"ये उतरा कैसे?" रहीमसाबांनी विचारलं.

बाई स्टुलावर बसली. डावा पाय समोर ताठ. प्लास्टर तिने नंजप्पाच्या हातात दिलं आणि स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

नंजप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी प्लग लावला.

घूंऽऽऽ.

त्याने आधी पातं आपल्या तळहातावर टेकवलं आणि तो तळहात त्या बाईला दाखवला. मग मांडीपासून सुरुवात केली. सावकाश, बोटभर कापायचं, थांबायचं, परत बोटभर. पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली. सबंध वेळ तो खाली वाकून त्या पोकळ प्लास्टराशी बोलत होता.

"नोवागल्ला, मगू. नोवागल्ला."

दुखणार नाही, बाळा. दुखणार नाही.

माशाजवळ आल्यावर तो वळसा घालून गेला. मासा त्याने कापला नाही. मग पलीकडची बाजू. मशीन बंद झालं तेव्हा बाहेरच्या बसचे हॉर्न एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. त्याने दोन्ही हातांनी प्लास्टर उघडलं. करकरलं आणि दोन फाका झाल्या. आतला कापूस पिवळा होता. नंजप्पाने त्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहू दिला. मग माझा हात धरून त्यावर ठेवला.

कापूस कोमट होता.

बाईने स्टुलाच्या कडा सोडल्या. कपाळावरचा घाम पदराने पुसला. उभी राहिली, साडीच्या निऱ्यांवरची भुकटी झटकली. नंजप्पा तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या भुवयांवरची भुकटी पदराच्या टोकाने पुसली, लहान मुलाचं तोंड पुसतात तशी.

मग ती वळली, चौकटीला हात न लावता दोन्ही पायऱ्या उतरली, आधी उजव्या पायाने, मग गुडघा वाकवून डाव्याने, आणि बस-स्टँडकडे चालत गेली.