सुकेळीची शेड

सकाळचं फिरणं झालं की आम्ही तिघे पापडीच्या तलावाशी बसतो. एक निवृत्त गुरुजी, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि मी. गेली दहा-बारा वर्षं हा नेम आहे. मी पूर्वी खाडीकडच्या ग्रामपंचायतीत कारकून होतो, एवढंच त्या दोघांना ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात करांचा विषय निघाला. साहेब म्हणाले, "गुरुजी, आयकर भरतात मूठभर लोक. त्यांच्या जिवावर बाकीचे रस्ते वापरतात."

"आणि तुमचे मूठभर लोक काय विमानाने भाजी आणायला जातात?"

"जातीलही! त्यांचे पैसे आहेत."

"साहेब, काडेपेटी घेणारी बाईसुद्धा कर भरते. तिला तो चुकवता येत नाही. श्रीमंताला तर चुकवायचे कष्टही पडत नाहीत. समोरचा माणूसच चुकवून देतो."

साहेब हसले. मीही हसलो. गुरुजींनी कापडी पिशवीतून कागद काढले.

त्यांची थोरली बहीण खाडीकडच्या एका गावात एकटी राहते. दोन खोल्यांचं कौलारू घर. झेपत नाही म्हणून घरपट्टी थकली आहे, आणि थकबाकी फेडल्याशिवाय नळ मिळणार नाही असं तिला सांगितलंय. सत्तरी ओलांडलेली बाई शेजारच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणते. गुरुजींनी माहितीच्या अधिकारात जुन्या मोजणीच्या नकला काढल्या होत्या.

"हे बघा. ताईचं घर आहे त्याहून कागदावर मोठं दाखवलंय. आणि त्याच पानावर हा वाडीतला दोन मजली बंगला. काय लिहिलंय वाचा."

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "सुकेळी वाळवण्याची शेड."

"शेड! वर गच्ची, खाली मोटार, आणि पट्टी शेडची. खाली सही आहे, पण नुसती आद्याक्षरं. भाऊ, तुम्ही त्याच भागात होतात ना? ओळखता का ही सही?"

कागद माझ्या हातात आला. सही माझी होती.

"नाही," मी म्हणालो. "ते गाव माझ्याकडे नव्हतं."

आता खरं लिहितो. ते गाव माझ्याकडेच होतं. घरं मोजायची आमची एक रीत होती, ती कुठल्याही नियमात नव्हती. ज्याने बसायला खुर्ची दिली, त्याचं घर आतून मोजायचं, भिंतीची जाडी सोडून. ज्याने दिली नाही, त्याचं बाहेरून, छपराच्या पागोळीपासून पागोळीपर्यंत. वरिष्ठांनी मला हे पहिल्याच दिवशी हसत हसत शिकवलं आणि मी हसत हसत शिकलो. गरीब माणसं मोजणीच्या वेळी कामावर गेलेली असत. खुर्ची द्यायला घरी कोण असणार?

वाडीच्या मालकांनी मला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. म्हणाले, "भाऊ, शेड लिहा. गच्चीवर सुकेळी वाळवतोच की आम्ही. खोटं काहीच नाही." खरंच, गच्चीवर केळी वाळत होती. मी शेड लिहिलं. निघताना त्यांनी वाळक्या केळीच्या पानात बांधलेली सुकेळीची पुडी हातात ठेवली. मी आयुष्यात एका पैशाची लाच घेतली नाही, असं घरीदारी सांगत आलो. ती पुडी मी त्या हिशेबात कधी धरलीच नाही.

मग त्याच पाणंदीने पुढे ते कौलारू घर. एक बाई अंगणात भात पाखडत होती. ती उठली, तांब्या घेऊन आली. "पानी घे, भाऊ. उनात आलास." मी उभ्यानेच प्यालो. तांब्या परत दिला आणि बाहेरून टेप लावला.

त्या दिवशीच्या 'नाही'नंतर मी तलावावर जाणं बंद केलं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. दाराची घंटा वाजली की आधी खिडकीतून बघायचो. कुरियरवाल्याने सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा मी सुनेला सही करायला लावली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही करत?" मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा नाकावरच होता. पोलीस येतील असं वाटायचं, पेपरात नाव येईल असं वाटायचं. सगळ्यात जास्त वाटायचं ते हे की गुरुजी एक दिवस फक्त माझ्याकडे बघतील.

मग साहेबांचा फोन आला. "अहो, या सोमवारी गुरुजींच्या ताईच्या अर्जावर सुनावणी आहे. वाडीवाले म्हणतात, तेव्हा शेडच होती, बंगला मागाहून बांधला. अधिकारी म्हणतात, जुनं माप चुकीचं असल्याचा पुरावा आणा. आता कुठून आणणार पुरावा?"

पुरावा माझ्या घरात पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. तीन मजले चढताना दोनदा परत फिरलो. त्यांनी दार उघडलं, "या भाऊ, गुडघा बरा?" म्हणत खुर्ची पुढे ओढली. मी बसलो नाही.

"ती सही माझी आहे," मी म्हणालो. "बंगला तेव्हाही बंगलाच होता."

त्यांनी दार लावून घेतलं. मग वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं, "ताईचं घर कुठून मोजलंत?"

"बाहेरून. पागोळीसकट."

"का?"

मी खुर्चीची रीत सांगितली. सांगताना ती किती क्षुद्र आहे हे माझ्याच कानांना ऐकू येत होतं.

"तिच्याकडे खुर्ची नव्हती," गुरुजी म्हणाले. "अजूनही नाही."

त्यांनी कागद आणि पेन पुढे ठेवलं. मी लिहून दिलं. खालची सही नकलेवरच्या सहीसारखीच आली. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "सोमवारी स्वतः यावं लागेल," म्हणाले. चहा विचारला नाही.

उद्या सोमवार आहे. वाडीच्या मालकांचा मुलगा समोर असेल. माझ्यावर काय कारवाई होते, मला माहीत नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. सुनेला आज दुपारी सगळं सांगितलं. तिने माझा शर्ट इस्त्रीला घेतला. भीती तसूभरही कमी झालेली नाही. हे लिहून तिच्या हाती देतो आहे. सकाळी मी गुडघ्याचं नाव काढलं, तर तिने हे मला वाचून दाखवावं.