दोर लावायच्या आधी

केटामिनची भूल दिली की जनावर डोळे मिटत नाही. हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. पण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एका मांजरीला ते टोचलं आणि ती टेबलावर लुळी पडून माझ्याकडे टक लावून बघत राहिली, तेव्हा हात थांबला. पोट उघडलं, पिशवी काढली, टाके घातले, ती बघतच होती. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायचं असतं, ते घातलं. वर गॉजचा एक तुकडाही ठेवला. तो काही तिच्यासाठी नव्हता.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि गुरांची डॉक्टर झालेली तर गावातलीसुद्धा पहिली. हे मी मान वर करून सांगते, कारण माझा आजा त्याच गावात मेलेली ढोरं ओढायचा. ते काम त्याने निवडलेलं नव्हतं. आमच्या वस्तीच्या गळ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं होतं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, लहानपणी आज्याबरोबर जायचे. सोळाव्या वर्षी त्यांनी तो दोर विहिरीत टाकला आणि मुंबईची वाट धरली. अंधेरीला कारखान्यात हेल्पर, दहिसरला चाळीत खोली, आम्ही तीन पोरं. आयुष्यात पुन्हा दोराला हात लावला नाही. आमच्या घरी कपडे वाळत घालायलासुद्धा तार होती.

आज्याची एक गोष्ट मात्र ते सांगायचे. मालक म्हणो, गाव म्हणो, ढोर मेलंय, तरी आजा आधी त्याच्या डोळ्याला बोट लावायचा. पापणी हलली तर मागे सरायचं. नाही हलली तरच दोर लावायचा. भूल शिकताना पुस्तकात हेच पुढे आलं. भूल किती खोल गेलीय ते बघायला बुबुळाला हलकेच बोट लावा. मी घरी येऊन अण्णांना म्हटलं, "तुमच्या बापाचं आता पुस्तकात छापून आलंय." ते नुसते "हं" म्हणाले.

एका रविवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "मोठ्या जनावराला कसं निजवतीस? येऊ का बघायला?"

त्या दिवशी मला आरे कॉलनीत जायचं होतं. तिथल्या एका पाड्याच्या कडेला एक गायवाली मावशी राहते. अंधेरीकडच्या एका देवळाबाहेर रोज सकाळी गाय घेऊन बसायची. येणारे-जाणारे तिच्याकडून चाऱ्याची पेंढी घेणार, गायीच्या तोंडात देणार, पाया पडणार. मावशीचं घर त्या एका गायीच्या तोंडावर चालायचं. गायीला शिंगाचा कॅन्सर झाला होता. डावं शिंग खाली लोंबायला लागलेलं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त. शिंग मुळापासून काढलं तर गाय राहणार होती, नाहीतर नाही.

आदल्या आठवड्यात मी बजावलं होतं. चोवीस तास उपाशी ठेवायची, एक काडी नको. रवंथ करणाऱ्या जनावराला भरल्या पोटी निजवलं तर पोटात वायू धरतो, पोट फुगतं, फुगलेलं पोट छाती दाबतं आणि श्वास अडकतो.

आम्ही दुपारी पोचलो. रस्त्यावरची बस मागे गेली आणि झाडांत एकदम कोणी गळा धरल्यासारखी शांतता झाली. त्या भागात बिबट्या फिरतो, तो रात्री. पण भरदुपारी पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मावशीने अण्णांना स्टूल दिलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हीच आलात? कापायला पुरुषमाणूस डॉक्टर नाय आला?"

"डॉक्टर मीच आहे मावशी. हे माझे वडील. हे फक्त बघणार."

"बघा बाबा, बघा. लेकीला शिकवलीत, झकास केलंत."

"गाय उपाशी आहे ना?"

मावशीने पदर खोचला, सोडला, परत खोचला. "अमावास्या होती ओ सकाळी. म्हटलं देवळाशी नुसती उभी करू, तोंडाला मुसकं बांधून. तर म्हातारी माणसं रडायला लागली. गायीपुढनं घास परत न्यायचा म्हणजे? मी कशी नाय म्हणू? दोन-चार पेंढ्या खाल्ल्या असतील. आन् एक पुरणपोळी."

इथे मी गाठोडं बांधून परत फिरायला हवं होतं. सगळी चूक एका जागी दाखवायची तर ती इथे, आणि ती माझी. पण अण्णा स्टुलावर बसले होते, मुद्दाम धुतलेला शर्ट घालून. मी म्हटलं, दोन-चार पेंढ्यांनी काय होतंय.

झायलाझीन हे गुंगीचं औषध गायीला फार थोडं लागतं, घोड्याच्या दहाव्या हिश्शाएवढं. मी मोजून दिलं. गायीची मान खाली गेली, तोंडातून लाळेची तार लोंबली, गुडघे वाकले आणि ती उजव्या कुशीवर आडवी झाली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाकडे जाणारी एक नस असते. तिच्यावर बधिर करणारं लिग्नोकेन सोडलं आणि शिंगाच्या बुडाला तारेची करवत लावली. शिंग सुटून हातात आलं. आतून ते कुजलेल्या लाकडासारखं झालं होतं. जिथे ते होतं तिथे कवटीत एक भोक उरलं, बोट जाईल एवढं. गायीचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी नाकाशी जोडलेली असते. भोकातल्या रक्तात श्वासाबरोबर बुडबुडा यायचा, फुटायचा. गाय डोक्यातून श्वास घेत होती.

मी पट्टी फाडायला घेतली आणि बुडबुडे थांबले.

डावी कूस टम्म फुगली होती. बोटाने वाजवली तर ढोलकीसारखा आवाज. कुशीत जाड सुई खुपसली. थोडी हवा निघाली, मग सुईत हिरवा फेस अडकला. डोळे सताड उघडे, जीभ मातीत. मी बुबुळाला बोट लावलं. पापणी हलली नाही. पुन्हा लावलं. काही नाही.

शेजारच्या तबेल्यातले तीन भैये कुंपणाशी येऊन उभे होते. एक म्हणाला, "मर गई मॅडम. गाडी बुलवा लो." मावशीने असा एकच आवाज काढला की कुंपणावरचे सगळे एक पाऊल मागे सरले.

मी स्टेथोस्कोप कोपराच्या मागे दाबला. ठोका होता. फार लांब लांब, पण होता.

"जिवंत आहे! छातीवर बसती करायला पाहिजे, म्हणजे वायू सुटेल. या, हात लावा."

कोणी आलं नाही. मेलेल्या गायीला कोण हात लावणार? मी उरलेल्या शिंगाच्या बुडाला फास टाकला, पुढच्या पायामागून दोर घेतला आणि एकटी ओढू लागले. गाय तसूभर हलली नाही.

"अण्णा!"

ते उठून आले, पण दोराला हात लावला नाही. आधी वाकले, उजव्या हाताचं पहिलं बोट शर्टाला पुसलं आणि गायीच्या डोळ्याला लावलं. तो हात मी कधी बघितला नव्हता. तो त्यांचा नव्हताच. पापणी हलली नाही. ते सरळ झाले.

"बाई, ही गेली."

"नाही गेली. औषधाने डोळा बधिर झालाय. ठोका चालूय."

"डोळा खोटं बोलत न्हाय."

"आज बोलतोय. ऐका तुम्ही." मी नळ्या त्यांच्या कानात घातल्या. ते वाट बघत राहिले. त्यांचा चेहरा तसाच. मला वाटलं, थांबलं. आणि मग त्यांच्या भुवया वर गेल्या. मग परत किती वेळ काहीच नाही. मग पुन्हा.

त्यांनी नळ्या काढून माझ्या गळ्यात घातल्या. "जित्ती हाय," ते कुंपणाकडे बघून ओरडले. "दोर धरा रे! जित्त्या ढोराला धरताय, या!"

आणि पन्नास वर्षांनी माझ्या बापाने दोर हातात घेतला. तो कसा मनगटाला वळसा देऊन घ्यायचा, टाच कशी रोवायची, कुठल्या हुंकारावर सगळ्यांनी ओढायचं, हे त्यांना सगळं येत होतं. ते बघून भैये आले. चौथ्या ओढीला गाय छातीवर आली, मी मान धरली, तोंड खाली केलं, आणि तिच्या पोटातून एवढी मोठी ढेकर आली की मावशी "आई गं!" म्हणून मागे पडली. आंबूस चारा, पुरणाचा गोड वास. शिंगाच्या भोकात बुडबुडा आला, फुटला.

संध्याकाळी गाय लटपटत उभी राहिली. मावशी तिच्या पायाही पडली आणि अण्णांच्याही. माझ्या नाही. मला म्हणाली, "पुढच्या टायमाला मी अमावास्येला देवळाकडं फिरकणारसुद्धा नाय, डॉक्टर." डॉक्टर म्हणाली, एवढं मला पुरलं.

बस झाडांतून निघाली. अण्णांच्या तळव्यावर दोराचा लाल वळ उठला होता. ते त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं म्हणतील.

"डोळा हलला न्हाय," ते म्हणाले. "आन् काळीज चालू होतं."

"माझ्या औषधामुळे. गावात असलं औषध नव्हतं, अण्णा."

"आन् नाग डसलेलं ढोर?" त्यांनी विचारलं.

नागाच्या विषाने पापण्या लुळ्या पडतात, शेवटी श्वासही बंद पडतो, आणि काळीज त्यानंतरही काही वेळ धडधडत राहतं. हे मला माहीत होतं. तेही परीक्षेत लिहिलं होतं.

"पावसाळ्यात लई डसायची," ते म्हणाले. "म्हातारा डोळाच बघायचा फक्त. मी मागचा पाय धरायचो." त्यांनी मूठ मिटली. "ओढताना कधीकधी हाताला काहीतरी हललेलं लागायचं. मी सांगितलं तर म्हणायचा, वायू हाय."

दहिसरला उतरताना त्यांनी बसचा दांडा दुसऱ्या हाताने धरला, ती मूठ मिटलेलीच होती.

आता दवाखान्यात कुठलंही जनावर मेलंय असं कोणी सांगितलं, उघड उघड मेलेलं असलं तरी, मी नळ्या कानात घालून पूर्ण पाच मिनिटं ऐकते. मदतनीस हसतात. मालक घड्याळ बघतात. मी ऐकत राहते. नुसता माझ्याच कानातला आवाज येतो, शिंपल्यात येतो तसा, आणि दर वेळी वाटतं की त्याच्यामागे, फार लांब, अजून एक येईल.