जोशीमठाला जावं की न जावं

आमच्या कुंदाला दमा होता. पनवेलची हवा खाडीची, दमट. पावसाळा सरला तरी तिच्या छातीतली घरघर सरत नसे. अशातच ह्यांना तार खात्यातून विचारणा झाली. हिमालयात, बद्रीनाथच्या वाटेवर, जोशीमठ नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या तारघरात जाल का? बढती होती, पण उत्तर लवकर द्यायचं होतं. एक डॉक्टर म्हणाले, डोंगरातली कोरडी हवा मुलीला मानवेल. दुसरे म्हणाले, तिथली थंडी तिला सोसायची नाही. दोघंही आमच्या कळवळ्याचे. ऐकावं कोणाचं?

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जा. या वयात मला बर्फात नेऊ नका." त्यांना एकटीला मागे ठेवायचं आणि मुलीला न्यायचं, की मुलीचे हाल बघत इथेच राहायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती. आणि तरीही, आता सांगायला हरकत नाही, मनात एक कुतूहल वळवळत होतं. कल्याणच्या पलीकडे उत्तरेला मी कधी गेलेच नव्हते. भांडी घासताना वाटे, तिथे पाणी गोठलं की बायका काय करत असतील? भात शिजायला वेळ लागत असेल का? तिथल्या लोकांना समुद्र म्हणजे काय ते कसं सांगायचं? या प्रश्नांची मला लाजही वाटे. लेकीच्या जिवाचा प्रश्न, आणि मला भाताचं पडलं होतं.

शेवटी मी गावदेवीला कौल लावायला गेले. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. मी हात जोडून बसले. किती वेळ गेला कोण जाणे, एकही कळी हलेना. गुरव हळूच म्हणाले, "आज आई बोलत नाहीये. उद्या या."

डोळ्यांत पाणी घेऊन मी बाहेर आले, तर दारातल्या फुलवालीनं हटकलं. "बाय, तुला हिंदी येते ना? मंडपान ती बाई बसलीय बघ. पाय सुजलेत तिचे. काय सांगते ते आमाला कलत नाय."

मंडपाच्या कोपऱ्यात खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. गोरी, सुरकुतलेली, अंगात जाड लोकरी बंडी. तिचा भाऊ दूध शोधायला गेला होता. दोघं गंगेचं पाणी घेऊन रामेश्वराला पायी निघाले होते. राष्ट्रभाषेच्या परीक्षांपुरतं माझं हिंदी, त्यावर मी विचारलं, "माताजी, कुठून आलात?"

"बेटी, तू नाव ऐकलं नसशील," ती म्हणाली. "जोशीमठाच्या वर आमचं गाव आहे."

मी खाली बसलेच.

त्या दोघांना मी घरी घेऊन आले. गरम पाण्यात मीठ घालून तिचे पाय शेकले आणि शेकता शेकता मनात साठलेले सगळे प्रश्न विचारले. तीही हसत सांगत राहिली. हो, भाताला वेळ लागतो. पाणी गोठलं तर बर्फ वितळवतो. जोशीमठात बाजार आहे, नृसिंहाचं देऊळ आहे, हिवाळ्यात वाटा बंद होतात. सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. कुंदा तर तिच्या मांडीवर जाऊन बसली.

मग मी खरा प्रश्न विचारला. "मुलीला घेऊन जाऊ का?"

ती कुंदाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "ते मी कशी सांगू? थंडी आहे, एकटेपण आहे. पण माणसंही आहेत." मग म्हणाली, "निघू का, असं मी देवाला विचारलंच नाही. निघते, एवढंच सांगितलं. विचारत बसले असते तर अजून दारातच असते."

पायांची सूज उतरल्यावर ती भावाबरोबर पुढे निघून गेली. त्या संध्याकाळी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "होकार कळवून टाक. ती बाई रामेश्वराला चालत जाते, मला मोटारीत बसवणार नाही का?" मी कौल लावायला पुन्हा गेले नाही. गावदेवीची ओटी भरली आणि म्हटलं, आई, निघतो आम्ही.

जोशीमठाला पोचल्यावर सगळं सोपं झालं, असं मात्र नाही. पहिल्याच हिवाळ्यात, बर्फ पडून रस्ता बंद असताना, कुंदाला असा झटका आला की तिचे ओठ निळे पडले. हे तारघरात होते, डॉक्टर खाली चमोलीला. तिला उभी धरून मी बसले. नवस आठवेना, स्तोत्र आठवेना. 'आई, ही तुझी आहे,' एवढंच मनात आलं. तिथे आल्याबद्दल मी स्वतःला दोष देईन असं मला वाटलं होतं. पण मन आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. सासूबाईंनी दार उघडून मराठीतच हाका मारल्या. भाषा कोणाला कळली नसेल, पण आजूबाजूच्या घरांतून बायका बर्फ तुडवत आल्या. कोणी पाणी उकळलं, कोणी धुमसणारी शेगडी बाहेर नेली, कोणी माझ्या पाठीशी पाठ लावून बसली. दुपार कलली तेव्हा कुंदाचा श्वास मोकळा झाला. डोळे उघडून तिनं भरलेली खोली पाहिली आणि विचारलं, "आई, आज आपल्याकडे हळदीकुंकू आहे का?"

सासूबाई आधी हसल्या, मग रडल्या. कुंकवाचा करंडा काढून त्यांनी खरोखरच एकेकीला कुंकू लावलं. प्रत्येकीपुढे मी वाकले. नमस्कार नेमका कोणाला पोचत होता ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि अजूनही विचारत नाही.