सोनाबाईंची उंच विळी

गव्हाणच्या सोनाबाई पनवेलच्या मासळी बाजारात मासे विकतात. अख्खा जिताडा त्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कापून द्यायच्या, विळीकडे न बघता. गेल्या वर्षी ओटीवर पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "खाली बसायचं नाही." आणि मासळीवालीचा तर सगळा धंदाच खाली बसून!

रिकाम्या हातांनी सोनाबाई घरातल्या प्रत्येकाच्या कामात खोट काढू लागल्या. शेवटी पुतण्या जीवननं मनावर घेतलं. तो वेल्डिंगची कामं करतो. त्यानं लोखंडी टेबल केलं, वर विळी बोल्टनं घट्ट बसवली आणि बसायला उंच स्टूल दिलं.

पहिल्याच दिवशी बाजारात शेजारी मासे विकणाऱ्या हौसाबाई ओरडल्या, "आगो सोनाय, खुर्ची मिलाली! मंत्री झालीस का काय?"

"हां. पयला तुजाच काटा तपासते."

बाजार हसला. पण मासा काही कापला जाईना. विळी जागची हलत नव्हती, तरी हातातली सुरमई निसटायची, तुकडे जाडेबारीक पडायचे. हौसाबाईंनी ती उचलली आणि आपल्या विळीवर कापून दिली. मग रोज तेच. "तू नुसती बस न पैसे घे," त्या मायेनंच म्हणायच्या. सोनाबाईंच्या ते घशाखाली उतरत नसे. दुसरीच्या विळीवर धंदा करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मनात यायला लागलं.

जीवननं विळीला धार लावली, टेबल खाली-वर करून पाहिलं. एका सकाळी तो नुसताच बघत उभा राहिला. काकीचा उजवा पाय टेबलाखाली हवेत काहीतरी चाचपत होता.

"काकी, पायाला काय पायजे तुला?"

"विळीचा पाट. पायान दाबल्याबिगर हाताला जोर येत नाय."

"पन विळी तं बोल्टान बसवलीय!"

"विळीला नको रे, मना पायजे."

जीवननं टेबलाखाली लाकडी फळी ठोकली. विळीशी तिचा काही संबंध नव्हता. सोनाबाईंनी तिच्यावर पाय रोवला, सुरमई आडवी धरली, आणि तुकडे पडू लागले, एकसारखे.

काठी टेकत आलेल्या, नेहमीच्या गिऱ्हाईक सुमतीबाई म्हणाल्या, "बरं केलंस गं. मलाही आता वाकावं लागत नाही, कल्ले इथूनच बघते."

"बगा की! शिळी कदी दिलीय तुमाला?"

तेवढ्यात हौसाबाई सवयीनं उठून आल्या आणि पुढच्या माशाला हात घातला. सोनाबाईंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली.

"ठेव खाली. तुजं गिऱ्हाईक खोळंबलंय, जा."